कापसाच्या खोलीतली बिअर

२२ मार्च, शनिवार

किट आलं. कुरिअरवाला खोक्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायच्या बेतात होता. त्याला गोठ्यामागे नेऊन सही केली.

आत माल्टचा डबा (जवाचा अर्क, काकवीसारखा घट्ट, काळा), हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, हिरव्या गोळ्या, यीस्टचं पाकीट, वीस लिटरची झाकणाची बादली आणि झाकणात बसवायची वाकडी नळी. नळीत पाणी भरायचं. आतला गॅस बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. पद्धत सोपी आहे. बावीस वर्षं कळंबच्या ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट असलेल्या माणसाला तर फारच सोपी.

कारण नोंदवून ठेवतो. दिवाळीत पुण्याला ओमकडे गेलो होतो. ओम म्हणजे सुरभीचा धाकटा भाऊ, सॉफ्टवेअरवाला. बिअर तिथल्या तिथेच बनवतात अशा हॉटेलात त्याने नेलं. चार ग्लास समोर ठेवले आणि म्हणाला, भावजी, फरक सांगा. मी म्हटलं, चारही थंड आहेत. टेबलावरचे सगळे हसले. ओमही हसला. पाच महिने झाले, अजून ऐकू येतं. अक्षय तृतीयेला तो इकडे येतोय. त्याच्यापुढे स्वतः बनवलेली एल ठेवणार. एल म्हणजे बिअरमधला खानदानी प्रकार. ठेवून म्हणणार, आता तू सांग फरक.

सुरभीला सांगितलेलं नाही. लपवायचं म्हणून नाही, टायमिंग म्हणून. ती गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष आहे. बस स्टॉप आणि मुलींची शाळा यांच्या मधोमध दारूचं दुकान आहे, ते बंद करायला २७ एप्रिलला बायकांचं मतदान आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. गावातल्या १,२१४ बायका-मतदारांपैकी ६०८ आडव्या बाटलीला पाहिजेत. माझा तिला संपूर्ण पाठिंबा आहे. दारू वेगळी, एल वेगळी. एल हे फूड प्रोसेसिंग आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून आजच. सुरभी समितीच्या बायकांबरोबर प्रचाराला. बाबा शेतात. कापसाची खोली रिकामी आहे, कापूस फेब्रुवारीतच विकला.

पुरणाच्या मोठ्या गंजात (पातेल्यात) पाणी उकळलं, माल्ट टाकला, हॉप्स टाकले. पुस्तिकेत लिहिलंय यीस्ट टाकताना आणि नंतरही तापमान १८ ते २२ ठेवा. खोलीत ३९. पुस्तिका थंड देशातल्या माणसाने लिहिली असणार, त्यांच्याकडे गारठा जास्त म्हणून जपावं लागतं. आपल्याकडे काम लवकर होईल. बादलीला ओलं पोतं गुंडाळलं.

१५ मिनिटांत गंज घासून ठेवला. संध्याकाळी पुरणपोळीला किंचित कडवट वास होता. सुरभी म्हणाली, डाळच जुनी असन.

३१ मार्च, सोमवार

बुडबुड सुरू! नळीतून मिनिटाला चाळीस बुडबुडे. पुस्तिकेप्रमाणे मिनिटाला एक चांगला. म्हणजे आपली चाळीसपट चांगली.

सुरभीने विचारलं बादलीत काय. ठरलेलं उत्तर दिलं, जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून पिकाला देतात ते. लॅबमध्ये सुधारलेलं, शेणाचा वास न येणारं. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, बाबाईले किती आनंद होईन! मला अपराधी वाटलं नाही. पदार्थ आंबवायचा हे तत्त्व दोन्हीकडे तेच आहे.

१ एप्रिल, मंगळवार

आज कळंबला चिंतामणीच्या देवळात समितीचा कार्यक्रम. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. समितीतल्या सगळ्या बायकांच्या नवऱ्यांनी पायऱ्या उतरून खाली गणपतीसमोर शपथ घ्यायची: मतदान होईपर्यंत दारूला तोंड लावणार नाही. अकरा नवरे. मला अध्यक्षांचा नवरा म्हणून पहिला नंबर. मी खणखणीत आवाजात घेतली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुरभीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतरची दोन-तीन वर्षं पाहायची.

येताना गाडीवर विचार केला. शपथ तोंड लावण्याची आहे, बनवण्याची नाही. शिवाय बनवणं आधी सुरू झालं, शपथ नंतर. तरी मी माझ्यावर कडक नियम घातला: २७ तारखेपर्यंत एक थेंब चाखायचा नाही. पुस्तिका मधेमधे चव घ्या म्हणते. घेणार नाही. मी शब्दाचा पक्का आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

हंसाबाई आली होती. तांड्यावरची, साठीची, समितीत सुरभीचा उजवा हात. ओसरीवर बसता बसता थांबली आणि नाक वर केलं. म्हणाली, सडव्याचा वास येऊन राह्यला. सडवा म्हणजे मोहाची दारू गाळायच्या आधी ड्रममध्ये कुजवतात तो लगदा. हिने गेल्या साली शेतांतून असे सतरा ड्रम शोधून फोडलेत.

मी म्हटलं जीवामृत. ती म्हणाली, भाऊ, हा वास एकदा नाकात बसला का जात नाही. मग तिचं तिनेच झटकलं, तुमच्या घरी कायले असन म्हणाली. तिचा मुलगा बादल तीस वर्षांचा आहे. ट्रॅक्टर एक नंबर चालवायचा. आता हात इतके थरथरतात की ती त्याला बशीतून चहा पाजते. ती गेल्यावर मी बादलीजवळ जाऊन उभा राहिलो. पण बादल एल पीत नव्हता, हे विसरून चालणार नाही.

खोलीत उदबत्ती लावली. तीन.

६ एप्रिल, रविवार

भयंकर प्रकार.

पहाटे कापसाच्या खोलीत गेलो तर बाबा. बादलीचं झाकण उघडं, हातात कडुलिंबाची काडी, बादलीत उजवीकडून गोल गोल ढवळणं चाललेलं. मी ओरडलोच. बाबा म्हणाले, वरडतं कायले, जीवामृत ढवळा लागते, मी तं रोजच ढवळून राह्यलो, सकाय-संध्याकाय. तुह्यानं काय होते? पुढे म्हणाले, त्यात जीव कमी वाटला म्हणून मूठभर बेसन टाकलं. अन् बांधावरची माती. तेही मूठभर. माती वडाखालची आहे, चांगली आहे, असं आवर्जून सांगितलं.

आत सगळं निर्जंतुक पाहिजे म्हणून मी चमचासुद्धा दोनदा उकळून घेतला होता.

दुपारी शांत डोक्याने विचार केला. बेल्जियममध्ये म्हणे गढूळ बिअरच उच्च समजतात. बेसन हे शेवटी प्रोटीन. कडुलिंब कडवटपणासाठी, जे काम हॉप्सचं तेच. मातीबद्दल अजून विचार चालू आहे.

बादलीला कुलूप लावता येत नाही. खोलीला लावलं. बाबा नाराज.

८ एप्रिल, मंगळवार

बुडबुडे बंद. पुस्तिकेत दोन आठवडे म्हटलंय, आपलं नऊ दिवसांत. म्हटलं होतं ना. आत एक मोजायची काचेची कांडी टाकून साखर संपली की नाही ते बघायचं असतं. कांडी पहिल्याच दिवशी ओट्यावरून पडली, हे तेव्हा लिहायचं राहिलं. अनुभवी माणसाला डोळ्याने कळतं.

आता बाटल्या. रिकाम्या, जाड काचेच्या, वीस.

९ एप्रिल, बुधवार

कॉलेजातून हाफ डे. यवतमाळला भंगारवाल्याकडून वीस बाटल्या निवडून घेतल्या. खताच्या पोत्यात भरून स्कूटरवर. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला पोतं वाजत होतं. गावात शिरताना दुकानाच्या काउंटरवर बसणारा बळीराम पाण्याच्या टाकीपाशी उभा. म्हणाला, काय सर, पोत्यात काय वाजून राह्यलं? मी म्हटलं, प्रयोगाचं सामान. तो बराच वेळ पोत्याकडे पाहत होता. त्याला विज्ञानात रस असावा.

११ एप्रिल, शुक्रवार

भरल्या. वीसच्या वीस. झाकणं बसवायचं यंत्र किटमध्ये आहे, हातोडीने काम आणखी छान होतं.

बाटलीत फेस यावा म्हणून प्रत्येकीत अर्धा चमचा साखर टाकायची. मी गूळ टाकला, दोन चमचे. आपल्याकडची तोंडं गोडाची. आणि ओमला फेस दिसला पाहिजे.

आता थंड जागा पाहिजे. घरातली सगळ्यात थंड जागा शोधायला मला पाच मिनिटं लागली, दुसऱ्याला पाच दिवस लागले असते. बैठकीच्या खिडकीतला कूलर! लोखंडी, खालची टाकी दीडशे लिटरची. पाणी भरायचं काम माझंच, मागची ताटी (वाळ्याची चौकट) माझ्याशिवाय कोणी काढत नाही. टाकी उथळ, म्हणून बाटल्या आडव्या ठेवल्या. समितीचं चिन्हही तेच. एका परीने माझा प्रचारच.

१४ एप्रिल, सोमवार

ओमचा फोन. अक्षय तृतीयेला नक्की येतोय. पण फॅटी लिव्हर निघालंय, डॉक्टरांनी बिअर कायमची बंद केली. फोन ठेवून मी कूलरमधल्या बाटल्या पुन्हा मोजल्या.

असो. वास घ्यायला डॉक्टर मना करत नाहीत.

परवाना लागतो का तेही आज मोबाईलवर वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळी वाचून बंद केलं. ते बहुतेक विकणाऱ्यांसाठी असावं.

१९ एप्रिल, शनिवार

४३ डिग्री. गावात बोंब. बळीरामने पसरवलंय की अध्यक्षबाईचा नवरा पोतं पोतं बाटल्या रिचवतो, अन् बाई दुसऱ्याच्या घरी झाडू मारते. सुरभीच्या यादीत पक्की ६४० नावं होती, दोन दिवसांत ५७० वर आली. खालच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, आधी तुह्या घरचं पाह्य.

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. दोनच प्रश्न. तुमी प्यायले का? मी म्हटलं, चिंतामणीची शपथ, थेंब तोंडात गेला नाही. छातीठोक सांगितलं, कारण खरं होतं. मग विचारलं, त्या बादलीत काय होतं? मी म्हटलं, जीवामृत.

 ती म्हणाली, बस, मले एवढंच पाह्यजे होतं. पदर खोचला आणि त्याच उन्हात बाहेर पडली. घरोघर जाऊन सांगतेय, माझा माणूस खोटं बोलत नाही.

दोनपैकी एक उत्तर पूर्ण खरं होतं. पन्नास टक्के. बारावीला पस्तीसला पास करतात.

२२ एप्रिल, मंगळवार

बैठकीत बसलो असताना कूलरमध्ये ‘ठक्’ असा आवाज. मोटर गेली की काय? चालू आहे. व्होल्टेज असेल.

निर्णय घेतला: मतदान झालं की २८ ला सकाळी सुरभीला सगळं सांगायचं. बाटलीसकट. तेव्हा ती आनंदात असेल. योग्य वेळ निवडणं हाही प्रामाणिकपणाच आहे.

२४ एप्रिल, गुरुवार



सकाळी अकरा वाजता हंसाबाई, समितीच्या नऊ बायका आणि खालच्या आळीतल्या, मत फिरलेल्या बारा-तेरा बायका दारात. सुरभीनेच बोलावलेल्या. म्हणाली, घ्या माह्या घराची झडती, एक बाटली सापडली तं अध्यक्षपद सोडतो. मला म्हणाली, अहो, कापसाच्या खोलीची किल्ली द्या. मी दिली. मनात म्हटलं, दे, तिथे काही नाही. खरंच काही नव्हतं. कोठी पाहिली, गोठा पाहिला, पलंगाखाली पाहिलं. बाबांनी स्वतःहून आपली ट्रंक उघडून दाखवली. काही नाही. खालच्या आळीच्या बायका ओशाळल्या. सुरभीने त्यांना बैठकीत बसवलं, मठ्ठा केला. बाहेर चव्वेचाळीस. कोणीतरी म्हणालं, कूलर जोरात करा ना जी.

सुरभीने बटण फिरवलं.

मी उठलो होतो. काहीतरी बोलणारही होतो. मोटर घरघरली आणि आत पहिला स्फोट झाला. मग दुसरा. मग मोजता आले नाहीत, लग्नातल्या लडीसारखे एकापाठोपाठ. बायका किंचाळून भिंतीला. बाबा म्हणाले, टायर फुटला. आणि मग तो क्षण, ज्याचं शास्त्रीय कारण मला नीट माहीत आहे: कूलरचा पंप टाकीतलं पाणी वर ओढतो, ताट्यांवर सोडतो आणि पंखा त्यातून वारा आत फेकतो. आज पंपाने एल ओढली. ताट्यांतून पांढरा फेस आला, आणि गावच्या दारूबंदी समितीवर गार, बारीक, तपकिरी तुषार उडू लागले. सुरभीच्या पांढऱ्या साडीवर. हंसाबाईच्या चष्म्यावर. मठ्ठ्याच्या पेल्यांत.

हंसाबाईने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, सडवा. त्या दिवशी बी सडवाच होता.

मी बटण बंद केलं.  सुरभी बाहेर गेली, कूलरची मागची ताटी स्वतः काढली. चौदा फुटलेल्या, सहा शाबूत. सहाही बाहेर काढून अंगणात एका ओळीत ठेवल्या. मला एकदाही हाक मारली नाही. मग सगळ्यांसमोर एकेक झाकण उडवून नालीत ओतल्या. सहावी ओतताना तिचा हात थरथरला. मला बादलचा हात आठवला. का आठवला माहीत नाही.

मी म्हटलं, एक मिनिट, हे तांत्रिकदृष्ट्या... पण वाक्य पूर्ण झालं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

समितीचा नियम आहे, सुरभीनेच केलेला: ज्याच्या घरी सापडेल त्याने आडव्या बाटलीचा फलक गळ्यात घालून गावातून फिरायचं. मला वाटलं होतं अध्यक्षांचा नवरा म्हणून काही विचार होईल. झाला. फलक मोठा दिला.

फेरीत सगळ्यात पुढे मी, मागे दोनशे बायका. इतक्या बायका याआधी कुठल्याच फेरीला आल्या नव्हत्या. दुकानासमोर बळीरामने मान खाली घातली. एका दृष्टीने नेतृत्व माझ्याकडेच होतं.

पाण्याच्या टाकीपाशी सुरभीने माईक घेतला. वाटलं, मला सांभाळून घेईल. ती म्हणाली, माह्या घरात वीस बाटल्या होत्या, मले पत्ता नव्हता. मी घरोघर सांगत फिरली का माहा माणूस खोटं बोलत नाही. ज्याईले मी सांगितलं त्याईची माफी मागतो. पद सोडतो. पण मत देऊन या. माह्या घरी हे होऊ शकते तं तुमच्या घरी काय होऊन राह्यलं, तुमालेच माहीत नसन.

ती रडली नाही. खालच्या आळीतल्या दोघी-तिघी रडल्या. मी फलकामागे होतो, पण मलाही दिसायला त्रास होत होता. धूळ फार आहे.

२७ एप्रिल, रविवार

मतदान. चव्वेचाळीस डिग्रीत सकाळपासून रांग. पायाने अधू असलेल्या एका म्हातारीला हंसाबाईने पाठीवर आणलं.

निकाल संध्याकाळी: आडवी बाटली ७९३. दुकान बंद! बायकांनी फटाके लावले. पहिल्या आवाजाला आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सुरभीचा राजीनामा कोणी घेतला नाही. हंसाबाई म्हणाली, नवरा कुठं तपासून भेटते का, बाई. सगळ्या हसल्या.

शांतपणे हिशेब मांडला तर १९ तारखेला ५७० होती, २७ ला ७९३. वाढ २२३. मधे फक्त एकच घटना घडली. म्हणजे हे दुकान बंद होण्यात माझ्या प्रयोगाचा वाटा... हे कुठे बोलून दाखवणार नाही. इथे नोंद असू दे.

२८ एप्रिल, सोमवार

कूलर तिसऱ्यांदा धुतला. ताट्या बदलल्या. वास आहेच.

संध्याकाळी सुरभी ओसरीवर चहा घेऊन आली. दोन कप. चार दिवसांनी माझ्यासाठी केलेला पहिला चहा.  मग म्हणाली, एक इचारू? निदान चांगली तरी झालती का?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माल्टबद्दल, फेसाबद्दल, बेल्जियमबद्दल. आणि लक्षात आलं की मला माहीतच नाही. मी म्हटलं, चाखली नाही गं. शपथ होती.

 ती हसू लागली. इतकं हसली की कप खाली ठेवावा लागला, डोळ्यांना पदर लावला. बाबा आतून काय झालं काय झालं करत आले. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो.

हसणं ओसरल्यावर तिने डोळे पुसले. म्हणाली, शपथ पाळली तुमी, खरं हाये. देवाशी खरं बोलले. मग मले काहून खोटं सांगितलं?

दोन्ही कप उचलून ती आत गेली. मी अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसलो होतो. कारण शोधत होतो. इतके दिवस लगेच सापडायचं.